गाडी वजा जाता

माझे सासरे निवृत्तीमामा अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. मापाडी म्हणजे तोलणारा. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं अन् तोंडानं मोठ्यानं मोजायचं, ‘लाभ, दोन, तीन…’ एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मोंढ्याची रीतच तशी. आधी त्यांनी हमाली केली, पाठीवर पोती वाहिली. मग परवाना मिळाला अन् छातीवर पितळी बिल्ला आला. तो बिल्ला ते घरीसुद्धा काढत नसत. सरजाआत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, “आंघोळीलाबी लावूनच बसा, पाणी मोजून घेता येईल.” मामा हसायचे, पण बिल्ला काढायचे नाहीत.

त्यांच्या मापात पाप नव्हतं, हे सगळा मोंढा सांगंल. पण त्या मापानंच आम्हाला एकदा भर रस्त्यावर बसवलं. ते कसं, ते सांगते. मलाच सगळं नीट उमगलेलं नाही, तवा मध्येच ‘असं का, तसं का’ विचारू नका.

आमची भीमगीतांची गायन पार्टी. आत्या मुख्य गाणारी. माझा नवरा केरबा पेटीवर. हो, नाव घेते नवऱ्याचं, लाजायचं काय त्यात? मी अन् माझ्या दोन नणंदा कोरसला, अन् शेजारचा एक ढोलकीवाला. मामा पुढं बसून मान डोलवायला. ज्या गावानं बोलावलं त्या गावानं पार्टीला जेवू घालायचं, निजायला जागा द्यायची, सकाळी आंघोळीला पाणी द्यायचं, अशी चाल. लातूर नवा जिल्हा होऊन तवा चारपाच वर्षं झाली होती. जिल्हा नवा, पाट्या नव्या, हापिसं नवी. पाणी मात्र जुन्याच विहिरींचं, अन् तेही आटलेलं. सलग काही वर्षं पाऊस नव्हता.

त्या दुष्काळात एका गावी आम्ही गेलो. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, अन् घरधनीण घरातल्या शेवटच्या घागरीनं आमच्या हातावर पाणी घालायला लागली. तिचं लेकरू घागरीकडं टकामका बघत होतं. आत्यानं हात मागं घेतला. घरी आल्यावर म्हणाली, “आता कुण्या गावचं पाणी प्यायचं न्हाई. आपलं पाणी आपल्या संगं.”

झालं! केरबानं लिलावातून एक जुनी मेटाडोर घेतली. मामांनी फळ्या ठोकून आत झोपायला माचे केले, कोपऱ्यात स्टोव्ह बसवला, अन् मागच्या बाजूला पाण्याची दोन मोठी लोखंडी पिपं. स्वैपाक गाडीत, झोप गाडीत, पाणी गाडीतलं. मोंढ्यातले लोक म्हणायचे, “मापाड्यानं चाकाचं घर बांधलं.” मला आधी ते आवडलं. मग टायर बदलायची वेळ आली, अन् माझं डोकं जे चक्रावलं ते अजून ठिकाणावर नाही.

टायर बदलायला कारण होतं आत्याचं माहेर. किल्लारीच्या बाजूचं एक गाव. नाव घेत नाही. तिथं आमच्या लेकी दिल्यात, उगं वाद कशाला. आत्या लहान असताना त्या गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत नसे. घागर घेऊन खाली बसायचं, कुणी येईल, दया येईल, वरून ओतील. एका उन्हाळ्यात आत्या तिच्या मायसंगं दिवसभर बसली. कुणीच ओतलं नाही. तिची माय तिथंच भोवळ येऊन पडली. लग्न होऊन निघताना आत्यानं विहिरीकडं बघून मनाशी धरलं, ह्या गावात जित्या जिवात पाणी मागणार नाही. अन् आता तिथल्या आपल्या वस्तीनं बुद्धविहार बांधला होता, अन् पहिलं गाणं माहेरवाशिणीचं म्हणून आत्याला बोलावणं आलं होतं. वस्तीचा हापसा आटलेला, सगळं गाव त्याच जुन्या विहिरीवर. आत्याला जायचं होतं, जीव टाकून जायचं होतं. पण आपलं पाणी घेऊन. आवाज आताशा बसत होता तिचा. “ह्या वर्षी गाईन,” ती म्हणाली, “पुढल्या वर्षी गळा राहील का न्हाई, कुणी बघितलंय?”

अन् गाडीचे टायर असे टकले की त्यात तोंड दिसावं.

आमचं अहमदपूर मधोमध. उत्तरेला नांदेड, दक्षिणेला लातूर, दोन्हीकडं सारखीच वाट. केरबा आधी नांदेडला गेला, मी सोबत. तिथं एका सरदारजींचं टायरचं दुकान. भिंतीला टायर टांगलेले, सगळे काळे, सगळे गोल. मी म्हणलं, ह्यात निवडायचं काय? तर सरदारजी म्हणाले, साइज एकच असली तरी आतले थर वेगळे. सहा प्लाय, आठ प्लाय, दहा प्लाय. जितके थर जास्त तितकं ओझं जास्त पेलतो. मग मी म्हणलं, दहाच द्या की! तर केरबा म्हणतो, दहा प्लाय कडक पडतो, गाडी दगडावानी आपटती. मी म्हणलं, मग सहा घ्या. तर सरदारजी म्हणाले, “पानी भर के चलना है तो छह मत डालो, बहनजी. पानी बैठा नहीं रहता, हिलता है.” आता आली का पंचाईत! जास्त घेतला तर हाडं मोडणार, कमी घेतला तर टायर फुटणार. सरदारजींनी विचारलं, “गाडी का वजन कितना है?” केरबानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आम्ही हात हलवत परत आलो.

घरी येऊन बघते तर शेजारीपाजारी सगळे टायरचे पंडित झालेले. कुणी म्हणे जुन्यालाच नवं रबर चढवा. कुणी म्हणे पुढं हलके लावा, मागं भारी. एस्टीतला एक ड्रायव्हर म्हणाला हवा कमी ठेवा, दुसरा म्हणाला जास्त भरा. ऐकावं जनाचं अन् करावं मनाचं, हे खरं; पण मनालाच कळंना, तर करावं काय? मी मामांना म्हणलं, “मामा, तुमीच सांगा आता.”

मामांची छाती फुगली. “वजनाचा सवाल हाय ना? मग तो माझा सवाल हाय.”

दुसऱ्या दिवशी आमची गाडी मोंढ्यातल्या भुईकाट्यावर. आधी रिकामी चढवली. मग मामांनी सगळं आत भरायला लावलं. माचे, गाद्या, स्टोव्ह, पेटी, ढोलकी, कर्णा, बॅटरी. पिपं पाण्यानं भरायची तर पाणी कुठलं? तवा मोंढ्यातल्या हमालांनी आपापल्या वाट्यातली एकेक घागर आणून ओतली. “सरजावैनीच्या माहेरात आमचंबी पाणी जाऊ द्या,” म्हणाले. पिपं गळ्यापर्यंत भरली. शेवटी आम्ही सातही जणं आत बसलो. मामांनी खिडकीतून काटा बघितला, खाली उतरले, बोटांवर हिशोब केला अन् मोठ्यानं आवाज दिला, “साडेतेरा क्विंटल!” हमालांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मला वाटलं, सुटला एकदाचा गुंता.

तेच माप घेऊन मामा लातूरला गेले, केरबा अन् मी गाडी घेऊन संगं. नांदेडला कशाला, आपला जिल्हा आता लातूर, टायर जिल्ह्यातूनच घ्यायचे, म्हणाले. दुकानदारानं विचारलं, “गाडी भरून वजन किती?”

“भरून साडेतेरा.”

“भरून?” दुकानदारानं चष्मा वर केला. “मेटाडोर अन् साडेतेरा? कमी वाटतंय, काका.”

मामांनी बिल्ल्यावर बोट ठेवलं. “उभा जन्म काट्यापाशी गेला. माझ्या मापावर मोंढ्यात कुणी परत पोतं चढवत न्हाई.”

दुकानदार बिचारा मागं वळला. भिंतीवरचा तक्ता बघून म्हणाला, सहा प्लायचा एक टायर सहा क्विंटल सहज पेलतो. चार चाकं, चोवीस क्विंटल. साडेतेराला तर लई झालं. केरबा बापाला हळूच म्हणाला, “आबा, आठ घेऊ का? नांदेडचे सरदारजी…”

“उगं कडक टायर लावून मायची कंबर मोडतो का? माप काय खोटं हाय?”

मी तिथंच उभी. माझ्या मनात काहीतरी वळवळलं, पण काय ते धरता येईना. आकडे साडेतेरा, चोवीस, सहा, आठ, सगळे डोक्यात फुगडी घालत होते. आम्ही सहा प्लायचे चार नवे टायर घेतले. गाडी अशी झुळझुळ चालली की आत्या म्हणाली, “पाळण्यावानी हाय गं.” मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय टायर त्यांनीच वळले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच निघालो. लातूर गेलं, औसा गेलं. ऊन मी म्हणत होतं. रस्ता खडीचा, अन् पिपांतलं पाणी नुसतं डचमळत होतं; गाडी एका अंगाला गेली की पाणी दुसऱ्या अंगाला. मला रबर जळाल्याचा वास आला. मी म्हणलं, “स्टोव्ह चालू राहिला का?” नणंद म्हणाली, न्हाई. अन् तेवढ्यात ‘फाट!’ करून मागचा टायर गेला. गाडी एका कुशीवर कलली, पेटी माझ्या मांडीवर, मी ढोलकीवाल्यावर. आत्याच्या माहेराची शीव समोर दिसत होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काय खोटं नाही.

केरबानं स्टेपनी लावली. मग मागच्या दुसऱ्या टायरकडं बघून खालीच बसला. त्या टायरला गालगुंड झाल्यावानी फुगवटा आला होता. आणखी थोडं चाललं की तोही जाणार, अन् दुसरी स्टेपनी कुठली आणायची?

केरबानं त्या फुगवट्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “आबा, गाडी रिकामी काट्यावर चढवली तवा किती भरली?”

“पंधरा.”

“अन् सगळं भरून?”

“साडेअठ्ठावीस.”

“मग तुमी साडेतेरा कुठून काढले?”

मामांना प्रश्नच कळंना. “कुठून म्हणजे? साडेअठ्ठावीसातून गाडी वजा. बैलगाडी असो, ट्रक असो, भरल्यातून रिकामी वजा, बारदान वजा, उरला तो माल. लेकराला कळतंय की.”

“अन् ती वजा केलेली गाडी, आबा,” केरबा हळू बोलला, “ती कुणाच्या डोक्यावर ठेवली तुमी? ती बी ह्याच चाकांवर हाय की.”

मामांचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यांचे ओठ हलायला लागले, बोटं हलायला लागली. साडेअठ्ठावीस, चार चाकं, वाटणी. आता मला कळलं, त्या दुकानात माझ्या मनात काय वळवळत होतं. मोंढ्यात गाडीचं वजन म्हणजे काढून टाकायची वस्तू. तिला कुणी मोजत नाही, मोजलं तर भांडणं होतात. पण टायरला काय ठाऊक, मोंढ्यात काय वजा अन् काय जमा?

मला लई राग आला. इतका की बोलू का नको झालं. दुकानदारानं विचारलं होतं, केरबानं विचारलं होतं, अन् ह्यांनी बिल्ला दाखवून दोघांचं तोंड बंद केलं! पण मामा मैलाच्या दगडावर जाऊन बसले, छातीवरचा बिल्ला काढला अन् माझ्या हातात दिला. “ठेव, पंचशीला,” म्हणाले. “हे आता माझं न्हाई.” मी तो पदराच्या गाठीत बांधला.

“आता काय करायचं?” नणंद म्हणाली.

“वजन कमी करायचं,” केरबा म्हणाला. “आपण सगळी चालत जाऊ. पण मागच्या चाकावर पिपं बसल्यात. पिपं रिकामी केल्याबिगर गाडी हलायची न्हाई.”

सगळे आत्याकडं बघायला लागले. पाणी सोडलं तर माहेरात कोरड्या हातानं जायचं. मग मागायची वेळ येणार. आयुष्यभर जे जपलं, ते शिवेवर येऊन सोडायचं. मामा ताडकन उठले. “मी हमाल हाय. एकेक घागर करून पाठीवर नेतो समदं, फेऱ्या मारतो.” त्यांचं वय काय, कंबर काय! आत्या म्हणाली, “गप बसा तुमी.”

समोरून बायका येत होत्या, रिकाम्या घागरी काखेत घेऊन. तळ गाठलेल्या विहिरीवरून परत चाललेल्या. टँकर आलाच नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. मग गाडीच्या मागच्या पायरीवर चढली, झाकण उघडलं अन् बादली पिपात बुडवली.

“या गं बायांनो. घागरी आणा. हे सांडायचं न्हाई, मोंढ्यातल्या हमालांचं पाणी हाय.”

बायकांना आधी खरंच वाटंना. मग झुंबड उडाली. आत्या वर उभी, बादली भरून खालच्या घागरीत ओतायची. एक घागर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी एक म्हातारी आली, खाली मातीत बसली, घागर पुढं सरकवली अन् वर बघत राहिली. आत्याची बादली हवेतच थांबली. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली.

“न्हाई,” आत्या म्हणाली. “मी वरून ओतणार न्हाई.” ती पायरीवरून खाली आली. म्हातारीला हाताला धरून उठवलं. “तू चढ वर. तुझ्या हातानं घे तुला लागंल तेवढं.”

म्हातारी पायरीवर चढता चढता थबकली. “सरजा?” म्हणाली. “तू सरजा व्हय गं?”

“व्हय. अन् तू साखराबाई.”

ती साखराबाई म्हणजे गावातल्या शेतकरी घरची, आत्याच्याच वयाची. त्या विहिरीवर लहानपणी आत्याच्या घागरीत तीही वरून ओतायची. अन् ज्या दिवशी आत्याची माय पडली, त्या दिवशीही ती विहिरीवर होती. घरच्यांच्या भयानं ओतलं नव्हतं. हे मला आत्यानंच कधीतरी सांगितलं होतं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. साखराबाईनं आपल्या हातानं पाणी घेतलं. घागर डोक्यावर घेऊन निघून गेली. मला तिचा रागच आला. दोन शब्द तरी बोलायचे!

पिपं रिकामी झाली. आम्ही चालत, केरबाची गाडी आमच्या मागं गोगलगायीसारखी. वस्तीत पोचलो, जयभीम झाला, हार झाले, अन् संध्याकाळी विहाराच्या अंगणात माणूस मावंना. तवा कुठं ध्यानात आलं, सगळ्यांना वाटता वाटता आम्ही स्वतःसाठी तांब्याभरसुद्धा ठेवलं नव्हतं. मामा कपाळावर हात मारून घेत होते. “आजच्या दिवशी समदं वजाच करत बसलो आपण,” म्हणाले.

आत्यानं गाणं धरलं. पहिलं कडवं कसं गेलं म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. ती खोकली, पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. गळ्याला कोरड पडली होती. वस्तीतली एक बाई पाण्याला उठली, तर आत्यानं मान हलवली. नको. मी कोरसला उभी, माझा जीव नुसता खालीवर. एवढं आयुष्यभर थांबून, पहिलं गाणं माहेरात, अन् ते असं अर्ध्यात राहणार का?

लोक बाजूला सरकले. साखराबाई येत होती, हातात पितळेचा तांब्या. विहाराच्या ओट्यावर चढली, सगळ्या गावासमोर, अन् तांब्या पुढं केला.

“इहिरीचं न्हाई,” म्हणाली. “तुझ्याच पिपातलं हाय. अन् तू मागितलं न्हाईस. मी आणलंय.”

आत्यानं तांब्या घेतला. सवयीनं मान मागं केली, तांब्या वर उचलला, तोंड न लावता वरूनच धार घ्यायला. साखराबाईनं तिचा हात धरला.

“तोंड लाव की, सरजा.”

आत्यानं तोंड लावलं. घटाघटा प्याली. तांब्या परत दिला, तर साखराबाईनं तिथंच उभ्यानं, त्याच तांब्याला तोंड लावून, उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आता ते पाणी हमालांचं, आमचं, का साखराबाईचं, हे मला आजवर कळलेलं नाही. टायर आता आठ प्लायचे आहेत, ते बरोबर का चूक, तेही कळत नाही. त्या वेळी मी एवढंच केलं, पदराची गाठ सोडली अन् बिल्ला पुढं बसलेल्या मामांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बघितलाच नाही. त्यांची नजर त्या रिकाम्या तांब्यावर होती. ओठ हलले, अन् मोंढ्यात पहिलं पोतं काट्यावर चढल्यावर म्हणायचे तसं ते म्हणाले, “लाभ.”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, केरबाला खूण केली, अन् गाणं पहिल्यापासून धरलं.